करडीचं तेल आणि जन्माची हमी

दादांच्या लेखी लोखंड दोनच प्रकारचं होतं, बोलणारं आणि मुकं. नवा पाना घरी आला की ते तो शिवणाच्या दोऱ्याला बांधून लोंबता धरायचे आणि दुसऱ्या पान्यानं त्याला हलकेच ठोका द्यायचे. चांगल्या पान्यातून बारीक, लांबत जाणारा आवाज निघायचा. तो विरेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. माय भाकरी थापत असली तरी तिचे हात थांबायचे. मुक्या पान्यातून नुसतं 'थड्' व्हायचं. "हे चार दिसांत तोंड वासतंय," असं म्हणून दादा तो बाजूला ठेवायचे. मी तेव्हा नववीत होते आणि हा प्रयोग घरात दिसेल त्या वस्तूवर करून पाहिला होता. उलथनं बोलायचं. अडकित्ता अर्धवट बोलायचा. मायच्या नव्या तव्याला दोरा बांधला तेव्हा मात्र पाठीत धपाटा बसला आणि तव्याचं काय ते कळायचं राहून गेलं.

दादा म्हणजे माझे वडील, नामदेव मिस्त्री. बोरीच्या आसपासच्या मळ्यांतली ऑइल इंजिनं ते दुरुस्त करायचे, सायकलच्या मागं हत्यारांची पिशवी बांधून पार येलदरीच्या बाजूपर्यंत जायचे. आमचं घर भीमनगरात, दोन खोल्यांचं, वर पत्रे. जेवायला बसलं की लांबून कुठल्यातरी इंजिनाचा डुगडुग आवाज यायचा आणि दादा घास हातात धरून कान द्यायचे. "वडाच्या मळ्यातलं हाय. वॉल बसंना त्याचा. परवा बोलावणं येतंय बग." आणि परवा खरंच माणूस दारात उभा राहायचा. हे कानाला कळतं तरी कसं, याचा मला छडा लावायचा होता. विचारलं तर म्हणायचे, "ऐकत ऱ्हा." एवढंच. हात चालायचा आणि तोंड मिटलेलं असायचं. पुढं आयटीआयमध्ये पोरांना शिकवताना मी तास संपेपर्यंत एकसारखी बडबडत असे, ते बहुधा याचंच उट्टं काढण्यासाठी.

मायचं शास्त्र वेगळं होतं. तिचा विश्वास होता करडीच्या तेलावर. रानातून मजुरीत मिळालेली करडई ती स्वतः घाणीवर घेऊन जायची, समोर बसून तेल काढून आणायची आणि चिनी मातीच्या बरणीत भरून ठेवायची. अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी त्याच तेलाची, ज्वारीच्या कण्यांवर कच्चं तेलही तेच. धाकट्या भावाच्या टाळूवर, दाराच्या बिजागरीत, भेगाळलेल्या टाचांवर, सायकलच्या साखळीवर, सगळीकडं करडीचं तेल. आमचं घर त्या वासाचं होतं. अजूनही कुणाच्या स्वयंपाकघरातून तो वास आला की मी क्षणभर उंबऱ्यातच थांबते.

खंडेनवमीला गावातली सगळी हत्यारं पूजेला बसायची. विळे, कुऱ्हाडी, नांगर, दुकानातले तराजू, अगदी विहिरीवरची इंजिनंसुद्धा झेंडूची माळ घालून गप्प उभी असायची. त्या दिवशी कुणी हत्याराला हात लावत नसे, त्यामुळं दादांना वर्षातली एक हमखास सुट्टी मिळायची. आमच्याकडं पूजा नव्हती. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून ती सुटली होती. पण दुसऱ्या दिवशी पांढरे कपडे घालून विहारात जायचं असायचं, सगळं घर धुवायला निघालेलं असायचं, आणि त्यात माय हत्यारांनाही अंगणात काढायची. शेजारणीनं एकदा चिडवलं, "काय हो, तुमी बी पूजा करायलाव का?" माय म्हणाली, "पुसायला काय देव लागतो का?" दादा रॉकेलमध्ये एकेक पाना धुवायचे, मी फडक्यानं कोरडा करायची आणि शेवटी माय बरणी घेऊन बसायची. प्रत्येक पान्याला हातानं तेल चोपडायची. "आपण खातो तेच त्यास्नी," म्हणायची. "त्यांच्यावरच खातो की आपण."

आमच्या घरात हमी आली ती शिवलिंगअप्पांच्या दुकानातून. अप्पा हार्डवेअरचे व्यापारी, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या करंडकातलं लिंग. सकाळची इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय खिळासुद्धा तोलून द्यायचे नाहीत. माणूस सरळ, पण आपल्या मालाबद्दल फार हळवा. एके दिवशी त्यांनी दादांपुढं निळ्या पत्र्याची पेटी उघडली. आत लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं बसवलेल्या, नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या पोकळ गोट्या आणि त्या फिरवायचं दांड्याचं रॅचेट. "मिस्त्री, ह्याला जन्माची ग्यारंटी हाय. मोडलं तर कंपनी बदलून देती. कागदच हाय आत." दादांनी कागदाकडं पाहिलंही नाही. तिथंच दुकानाच्या दाराला दोरा बांधला, रॅचेट लोंबतं सोडलं आणि ठोका दिला. दुकानातली गिऱ्हाइकं गप्प झाली. अप्पाही श्वास रोखून बघत होते, जणू त्यांच्या पोराचा निकाल लागायचा होता. ते बोललं. चांगलं लांब बोललं.

त्या रॅचेटला आम्ही रातकिडा म्हणायला लागलो. साध्या पान्यानं नट खोलायचा तर पाना लावा, फिरवा, काढा, परत लावा. रातकिडा मात्र नटावरून न काढता पुढं नेला की नट फिरायचा आणि मागं आणला की नुसतंच 'कर्रर्र' करायचा. पुढं जाताना पकडतो आणि मागं येताना सोडतो, हे त्याला कोण सांगतं? मी दादांना विचारलं. "आत काहीतरी हाय," दादा म्हणाले. आत काय आहे या एका प्रश्नानं मला पछाडलं होतं. मागच्या झाकणीला दोन बारीक स्क्रू होते आणि त्यातल्या एकावर लाल लाखेचा ठिपका.

तो ठिपका कशासाठी, हे मीच शोधून काढलं आणि तिथंच माझं नशीब फुटलं. पेटीतला कागद इंग्रजी होता. शाळेतून डिक्शनरी आणून मी दोन संध्याकाळी तो वाचला आणि दादांना समजावून सांगितला. घडणीत खोट निघाली तर कंपनी जन्मभर बदलून देईल. पण हातोडीनं ठोकलेलं, तापवलेलं, दांड्यात पाइप घालून जोर लावलेलं किंवा उघडलेलं हत्यार बदलून मिळणार नाही. लाल ठिपका तुटलेला दिसला की हमी संपली. दादा मोठ्यानं हसले. "मंग आपल्या गावात एक बी हत्यार बदलून मिळायचं न्हाई," म्हणाले. खरंच होतं ते. आमच्याकडं पाना वाकला की लोहाराकडं जायचा, तापून, ठोकून, पाणी पिऊन परत यायचा. मोडलेली वस्तू आहे तशी, हात न लावता कुणाच्या तरी हवाली करायची, ही कल्पनाच आम्हाला नवी होती.

पेटी आल्यानंतरच्या तिसऱ्या खंडेनवमीला मायनं बरणी पुढं केली तेव्हा मी रातकिड्याच्या डोक्याजवळच्या फटीतून चमचाभर तेल आत सोडलं. आधीच्या दोन वर्षीही सोडलं होतं. "आजून घाल," माय म्हणाली, "लय कष्ट करतंय ते." मी आणखी एक चमचा घातला.

थंडी पडली, गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले, आणि रातकिडा मुका झाला. आधी त्याचा कर्रर्र मंद झाला, मग अधूनमधून गायब व्हायला लागला. एक दिवस भर जोरात असताना तो नटावर नुसताच गरकन फिरला आणि दादांची बोटं इंजिनाच्या धारेवर आपटली. सांध्यांवरची कातडी सोलून निघाली. दादा तसेच, फडकं गुंडाळून, अप्पांच्या दुकानासमोर सायकलवरून उतरले आणि चारचौघांत म्हणाले, "अप्पा, लोखंड खोटं निघालं तुमचं." अप्पांचा चेहरा उतरला. दादांनी एखाद्या पान्याला खोटं म्हटलं की बोरीत तो कुणी घेत नसे, हे अप्पांनाही ठाऊक होतं. "माझ्या दुकानात खोटं?" एवढंच ते म्हणाले आणि लगेच कंपनीला पत्र लिहायला बसले. उत्तर आलं की कंपनीचा माणूस बाजारच्या दिवशी बोरीत येईल, हत्यार आहे तसं ठेवा, उघडू नका.

हमी नसती तर दादांनी त्याच संध्याकाळी रातकिडा उघडून बसवला असता. बिघडूनही न उघडलेली वस्तू त्यांच्या आयुष्यात नव्हती. पण मी वाचून दाखवलेल्या कागदानं त्यांचे हात बांधले होते. रातकिडा फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर गेला, आणि मोठी इंजिनं खोलायला दादांना दुप्पट वेळ लागायला लागला. सोललेल्या बोटांनी ते साधे पाने लावत, काढत राहायचे.

परवा माझ्या पुतणीच्या मुलानं फोनवरून पक्कड मागवली. तिचा जबडा सरकला. तिसऱ्या दिवशी नवी पक्कड दारात हजर, जुनी न्यायलासुद्धा कुणी आलं नाही. मी विचारलं, "अरे, पण ती बिघडली कशानं?" तो म्हणाला, "आजी, बदलून मिळाली ना?" त्याचं बरोबरच असेल. मी मात्र जुनी पक्कड माझ्याकडं ठेवून घेतली आणि भिंग लावून पाहिली. दोन्ही जबडे जोडणारा मधला रिबीटच ढिला ठोकलेला होता. हे कळल्यावर मला रात्री छान झोप लागली.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. माय रानात, दादा कामावर, भाऊ शाळेत. मी ताप आल्याचं सांगून घरी राहिले होते. ताप नव्हता. उद्या रातकिडा कंपनीच्या माणसाबरोबर जाणार आणि त्याच्या आत काय आहे ते मला जन्मात कळणार नाही, एवढंच डोक्यात होतं. मी फळीवरून तो काढला, अंगणात पोतं अंथरलं आणि घड्याळजीकडून मागून आणलेल्या बारीक स्क्रू ड्रायव्हरनं लाल ठिपका फोडला. लाखेची कपची उडाली, पण हात थांबले नाहीत. झाकणी निघाली. आत दात्यांचं एक चाक, त्याला टेकलेली नखाएवढी खिट्टी आणि खिट्टीच्या पाठीशी केसासारखी स्प्रिंग. बस, एवढंच. चाक एका बाजूला फिरलं की खिट्टी दात्यावरून घसरते, दुसऱ्या बाजूला फिरलं की अडकते. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्यानं हसले.

मग पाहिलं की खिट्टी हलतच नव्हती. ती दाट, पिवळ्या चिकात रुतून बसली होती. बोटाला लावला तर डिंकासारखा ओढला जात होता. मी वास घेतला. तो आमच्या घराचा वास होता.

करडीचं तेल उघड्यावर राहिलं की हळूहळू वाळतं, चिकट होतं, हे मला पुढं शिकताना नीट समजलं. पण त्या दुपारी शिकायला काही उरलं नव्हतं. बरणीच्या तोंडाशी तसाच पिवळा थर मी रोज बघत होते. लोखंड खोटं नव्हतं. अप्पा खोटे नव्हते. आम्हीच तीन वर्षं त्याच्या नरड्यात तेल ओतलं होतं आणि दादा गावासमोर कंपनीला खोटं ठरवून बसले होते. मी रॉकेलमध्ये एकेक दाता धुतला, सगळं परत बसवलं. रातकिडा पहिल्यासारखा बोलायला लागला आणि मला रडू फुटलं. आता हमी गेली होती, आणि तक्रारही.

दिवेलागणीला दादा आले. माय चुलीपाशी होती. मी त्यांना अंगणातच गाठलं, रातकिडा कानापाशी धरला आणि फिरवला. कर्रर्र. त्यांनी झाकणीकडं पाहिलं, ठिपका नव्हता. हात उगारतील असं वाटलं. मी पुसून ठेवलेला चीक फडक्यावर दाखवला. त्यांनी तो नाकाशी नेला. मग त्यांनी चुलीकडं, मायच्या पाठीकडं पाहिलं. ती वरणाला फोडणी देत होती, त्याच तेलाची.

"इंदे," ते हळू आवाजात म्हणाले, "मायला काही बोलू नको."

"आन् अप्पास्नी?"

"बगू उंद्या."

त्या 'बगू'वर माझा विश्वास बसेना. ठिपका नसला तरी बाजाराच्या गर्दीत कोण बघतंय? दादा गप्प राहिले तर नवा रातकिडा मिळणार होता. खरं बोलले तर ज्या पायरीवर उभं राहून त्यांनी लोखंडाला नाव ठेवलं होतं, त्याच पायरीवर शब्द गिळावे लागणार होते. गावात आमच्याकडं दुसरं होतं काय? दादांनी एखादी गोष्ट सांगितली की लोक ती मानायचे, हीच आमची कमाई होती. दादांनी खरं सांगावं असं मला वाटत होतं, आणि कुणी त्यांना हसू नये असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निळी पेटी उचलली आणि मला बरोबर घेतलं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कंपनीचा माणूस पांढऱ्या शर्टातला, घाईत असलेला. दादांनी फडकं सोडायच्या आतच त्यानं बॅगेतून कोरं रॅचेट काढून त्यांच्या हातात दिलं. "घ्या मिस्त्री, नवीन. जुनं इथं टाका. सही करा." दादांनी सवयीनं ते फिरवलं. कर्रर्र. अप्पांनी सुटकेचा श्वास टाकला. दादांनी आणखी एकदा फिरवलं, आणि मला वाटलं, संपलं, घेतात आता.

त्यांनी ते गल्ल्याजवळच्या लाकडी फळीवर ठेवलं.

"साहेब, हे ऱ्हाऊ द्या. जुन्यात खोट न्हाई. चुकीचं तेल घातलं मी त्यात." मग अप्पांकडं वळून म्हणाले, "लोखंडाला नाव ठेवलं ते माझं चुकलं, अप्पा. सगळ्यासमोर ठेवलं होतं, म्हणून सगळ्यासमोर सांगायलोय."

मागून कुणीतरी फिदकन हसलं. दादांचे कान लाल झालेले मला दिसले. कंपनीचा माणूस म्हणाला, "अहो, घेऊन टाका. कंपनीला काही फरक पडत नाही."

"मला पडतो की."

त्यानं मग पहिल्यांदाच जुनं रॅचेट नीट पाहिलं. "हे उघडलंय कुणी? ठिपका गेलाय. आता याची हमी संपली, सांगून ठेवतो."

"पोरीनं उघडलंय," दादा म्हणाले आणि मला पुढं केलं. त्यानं विचारलं, मी एका दमात सांगितलं. दाते, खिट्टी, स्प्रिंग, चीक. तेल कोणतं ते मात्र गिळलं. "दाखव बरं उघडून," तो म्हणाला. मी त्याच फळीवर, सगळ्या बाजारासमोर, दोन स्क्रू काढून झाकणी उघडली. डोकी वाकली. तो माणूसही वाकला आणि म्हणाला, "इतकी वर्षं विकतोय, पण याच्या आत मीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं."

अप्पा हळहळले. "मिस्त्री, जन्माची ग्यारंटी गेली की हो तुमची."

"जाऊ द्या अप्पा," दादा म्हणाले. "उघडता येतंय की आता पोरीला."

घरी येताना त्यांनी निळी पेटी माझ्या हातात दिली. तोवर ती उचलायची मला परवानगी नव्हती. जड होती, कडी बोटांत रुतत होती, पण मी हात बदलला नाही.

बोरीत बातमी लपत नाही. दुसऱ्या दिवशी माय पाण्यावरून आली ती तणतणतच. घागर ठेवली आणि दादांसमोर उभी राहिली. "काय हो, चुकीचं तेल घातलं म्हणं तुमी? सगळ्या बाया इचारायल्यात मला. कुठलं जळकं तेल घातलं त्यात? घरात करडीचं एवढं चांगलं तेल असताना! मला इचारलं असतं तर मी आजून दिलं नसतं का?"

दादा जेवत होते. ताटात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि चटणीवर धार धरलेलं तेच तेल. "चुकलं," ते ताटात बघत म्हणाले. "आता तूच देत जा." मला असा ठसका लागला की भावानं पाण्याचा तांब्या आणून दिला. जो माणूस भर बाजारात स्वतःची चूक सांगायला कचरला नाही, तो घरात बायकोला खरं सांगायला तयार नव्हता. तेव्हा मला हे अजब वाटलं होतं. पुढं माझंही लग्न झालं आणि अजब वाटायचं थांबलं.

त्यानंतर दर खंडेनवमीला माय बरणी घेऊन बसायची आणि रातकिड्याला दोन चमचे जास्तच घालायची. दादा म्हणायचे, "ते इंदूकडं दे. तिचं काम हाय ते." आणि दुसऱ्या दिवशी विहारातून आल्यावर, माय झोपली की मी तो उघडून रॉकेलमध्ये धुऊन ठेवायची. पुढं नोकरीसाठी परभणीत राहायला गेले तरी त्या दिवसांत सुट्टी काढून घरी जायची. लोकांना वाटायचं सणासाठी जाते. दादा वारले त्या वर्षीही मी गेले होते.

मायच्या शेवटच्या खंडेनवमीला तिला नीट दिसत नव्हतं. चाचपत तिनं रातकिडा मांडीवर घेतला, बोटानं फट शोधून तेल सोडलं, मग कानाशी धरून फिरवला. कर्रर्र. तिचा चेहरा फुलला. "बग इंदे, तुझ्या बापानं त्याचं वाटोळंच केलं होतं. आजून बोलतंय ते माझ्या तेलावर."

"हो माय," मी म्हणाले.

आता रॉकेल मिळत नाही. पंपावरून बाटलीत थोडं डिझेल आणते. खंडेनवमीला दोन चमचे करडीचं तेल घालते आणि दुसऱ्या दिवशी दोन स्क्रू काढून, एकेक दाता धुऊन काढते.